मनगट मोकळं

पहाटेची वेळ घ्या. कोथरूडला जाग येऊ लागली आहे, पण अजून कुणी कुणाला हाक मारलेली नाही. दुधाच्या क्रेटचा खडखडाट जिन्याखाली होऊन गेला. वनाझच्या डेपोतून पहिली मेट्रो निघायला थोडा अवकाश आहे. वेताळ टेकडीकडे जाणारी माणसं आपापल्या गल्लीतून बाहेर पडताहेत.

या वेळी मी आमच्या हॉलमधल्या एका पांढऱ्या भिंतीसमोर उभी असते. त्या भिंतीवर कॅलेंडर नाही, तसबीर नाही, खिळासुद्धा नाही. घर घेतलं तेव्हापासून ती अशीच मोकळी ठेवली आहे. उजव्या हातातली बांगडी काढून शेजारच्या टेबलावर ठेवते आणि हवेचं पिस्तूल हातात घेते. आत छर्रा नसतो. हात उचलायचा, भिंतीच्या पांढरेपणावर स्थिर करायचा, चाप दाबायचा, आणि ‘टक्’ असा बारीक आवाज झाल्यावरही हात थोडा वेळ तसाच धरून ठेवायचा. नेमबाज याला ड्राय फायर म्हणतात. समोर लक्ष्य नसतं, गुण नसतात, त्यामुळे स्वतःचा हात नीट दिसतो.

आज माझ्याबरोबर त्या भिंतीसमोर बसा. पिस्तूल हातात घ्यायचं नाही, मनात धरायचं. पाठ सरळ, खांदे सैल. श्वास मोजू नका. तो येतो आणि जातो, एवढंच बघा.

आपल्याकडे श्रवणानंतर मनन सांगितलं आहे. ऐकलेली गोष्ट लगेच पटवून घ्यायची नाही, लगेच टाकूनही द्यायची नाही. सहाणेवर चंदनाचं खोड फिरवावं तशी ती फिरवत राहायची, वास सुटेपर्यंत. आज उगाळायला घेतलेली गोष्ट अशी: नेमबाजाच्या हातातलं पिस्तूल कुणीतरी घडवलेलं असतं आणि पुष्कळदा कुणीतरी दिलेलं असतं. छर्रा सुटतो त्या क्षणी हे घडवणारे आणि देणारे कुठे असतात?

उत्तराची घाई नको.

तळहात

उजवा हात मांडीवर ठेवा, तळवा वर. तुम्ही डावखुरे असाल तर डावा. अंगठ्याखालचा उंचवटा बघा. करंगळीच्या बाजूचा दुसरा उंचवटा बघा. दोन्हींच्या मध्ये खळगा आहे. तीर्थ घेताना आपण हाच खळगा पुढे करतो. बोटं हलकेच मिटायला लागा आणि अर्ध्यावर थांबा. आत जी पोकळी उरली, तिचा आकार जगात दुसऱ्या कुणाच्या मुठीत नाही.

पिस्तूल घडवणारा कारागीर या पोकळीपासून सुरुवात करतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. तिला आपल्या बोटांसारखेच उंचसखल भाग असतात, खाली तळव्याला टेकू देणारी एक फळी असते आणि ती स्क्रूनं वरखाली सरकवता येते. पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवतात, घामानं हात सटकू नये म्हणून. स्वित्झर्लंडमधल्या मोरिनी या कंपनीचं नाव नेमबाजांच्या तोंडी असतं. चेझारे मोरिनी यांची ओळख आधी अशा मुठी घडवणारा म्हणून झाली, पूर्ण पिस्तुलं नंतर आली. त्यांच्या नावाची आद्याक्षरं, ‘सीएम’, अजून त्या पिस्तुलांच्या नावांत आहेत. आधी हात समजला, मग यंत्र बांधलं. या क्रमावर थोडं थांबा.

तरीही कारखान्यातून आलेली मूठ आपल्या हाताला पूर्ण बसत नाही. लहान, मध्यम, मोठी अशा मापांत ती येते, आणि आपला हात त्या मापांच्या मध्ये कुठेतरी असतो. मग नेमबाज कानस घेऊन बसतो. जिथे लाकूड टोचतं तिथे घासायचं, जिथे पोकळ लागतं तिथे लाकडाची लांबी भरायची, वाळू द्यायची, पुन्हा धरून बघायचं. दोन लाखांच्या घरातली वस्तू आणि तिच्यावर कानस! पहिल्यांदा माझा हात थरथरला होता. पण चार महिन्यांनी एका सकाळी मूठ धरली आणि ती हातात आहे हे जाणवलंच नाही. त्या दिवशी कळलं की चांगल्या मुठीची खूण हीच.

आता तुमच्या हातात अशी एखादी वस्तू आठवा जी वापरताना जाणवत नाही. घरातलं जुनं उलथनं, आईची विळी, वडिलांचं पेन. तिला तुमच्या हातानं किती वर्षं घासलं, आणि तिनं तुमच्या हाताला किती घासलं? दोन श्वास त्या वस्तूबरोबर राहा.

हवा

आता लाकूड सोडा, आत चला.

10 मीटरच्या पिस्तुलात दारू नसते. नळीखालच्या छोट्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा असते. चाप दाबला की झडप क्षणभर उघडते, मोजून तेवढीच हवा निसटते आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा शिशाचा छर्रा निघतो. लक्ष्यापर्यंत जायला त्याला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. समोर जो दहाचा गोल असतो त्याचा व्यास 11.5 मिलिमीटर, आणि छर्रा स्वतः 4.5 मिलिमीटरचा.

छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंतचे काही सहस्रांश सेकंद पिस्तूल हललं तर सगळं हललं. म्हणून घडवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोष्टीवर कष्ट घेतले: हाताला धक्का कळू नये. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या फाइनवेर्कबाउनं 1965 साली जे पिस्तूल आणलं, त्यात नळीसह वरचा सगळा भाग रुळावरून सरकावा तसा मागे सरकत असे. धक्का त्या सरकण्यात जिरायचा, मुठीपर्यंत यायचाच नाही. पुढे ऑस्ट्रियाच्या स्टायरनं पिस्तुलाच्या पोटात एक लहानसं वजन बसवलं. बार सुटताना ते उलट्या दिशेनं सरकतं आणि हिसका खाऊन टाकतं. मोरिनीनं चापामागची यांत्रिक खटकी काढून विजेवर चालणारी आणली. बोटानं फक्त इशारा द्यायचा.

या सगळ्या कल्पकतेचा शेवट कशात झाला ते पाहा. वस्तू अधिकाधिक गप्प होत गेली. ज्यांनी आयुष्य घालवून ती घडवली, त्यांची इच्छा एवढीच की नेमबाजाला ऐन क्षणी आपली आठवणसुद्धा येऊ नये.

ही कल्पकता जिथून आली तिथे जरा मागे जाऊ. ओबर्नडॉर्फ हे माउझर रायफलींचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर पराभूत जर्मनीत शस्त्रं बनवायला बंदी आली. माउझरमध्ये काम केलेल्या कार्ल वेस्टिंगर आणि अर्न्स्ट आल्टेनबर्गर यांनी फाइनवेर्कबाउ ही नवी कंपनी काढली आणि सुरुवातीला बारीक यंत्रभागांची कामं घेतली. पुढे त्याच अचूक हातांनी हवेच्या बंदुका घडवल्या. वाल्थर हे फाइनवेर्कबाउहून जुनं नाव. त्या नावानं महायुद्धात जर्मन सैन्याला पिस्तुलं पुरवली. युद्धानंतर उल्म शहरात त्याच नावाखाली स्पर्धेची हत्यारं तयार होऊ लागली. हवेच्या पिस्तुलाचा खेळ मोठा होत गेला आणि 1988 साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये पोचला.

म्हणजे आज एखाद्या मुलीच्या हातात जे सुंदर, शांत यंत्र आहे, त्याच्या वंशावळीत युद्ध आहे. हे वाक्य मनात येऊ द्या. लगेच ढकलू नका, आणि त्याला घाबरूनही जाऊ नका.

टेकडीच्या पलीकडे

आपण कोथरूडकर वेताळ टेकडीवर जातो. मोर ऐकतो, खाणीतलं पाणी बघतो, माथ्यावर थोडं टेकतो. तिथे मनानं उभे राहा. एका बाजूला आपली घरं. दुसऱ्या बाजूला पाषाण, आणि तिथे शस्त्रास्त्रांचं संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था, एआरडीई. 1958 पासून ती देशासाठी शस्त्रं आखते आहे. जरा उत्तरेला खडकी, आणि तिथला 1869 सालचा दारूगोळा कारखाना. नैर्ऋत्येला खडकवासल्याची एनडीए. पुण्याचं शांतपण शस्त्रांच्या शेजारी वाढलेलं आहे, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत त्या कारखान्यांचा पगार आलेला आहे.

पिस्तूल म्हणजे शस्त्रच, मग ते खेळाचं असो. खेळाचं पिस्तूल छातीशी धरून ‘हे तर फक्त क्रीडासाहित्य’ असं म्हणता येईल, आणि कायद्याच्या एका अर्थानं हवेच्या पिस्तुलापुरतं ते बरोबरही असेल. पण मननाला बसलो आहोत, तर पूर्ण सत्य घेऊन बसू. 25 मीटरच्या स्पर्धेत वापरतात ते पॉइंट टू-टू पिस्तूल परवान्याचं असतं, त्यात खरं काडतूस जातं आणि ते माणसाचा जीव घेऊ शकतं. कंपन्यांनी खेळाडूला दिलेल्या पाठिंब्यामागे त्यांचं नाव असतं, आणि शस्त्रांच्या धंद्यातलं नाव कधी एकाच कामाचं नसतं.

मग नेमबाजानं काय करावं? ते नाव नाकारून खेळता येत नाही. आणि विसरूनही खेळू नये. रेंजवर पहिल्या दिवशी नव्या मुलाला नेम शिकवत नाहीत. आधी शिकवतात ते हे: पिस्तूल रिकामं आहे असं कधी मानायचं नाही. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. बोट चापाबाहेर. खाली ठेवलं की नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे लांबूनही कळावं की आत काही नाही. पंचांचा हुकूम आल्याशिवाय हात लावायचा नाही. हे नियम रोज, दिवसातून शंभर वेळा पाळताना वस्तूचं खरं रूप शरीर लक्षात ठेवतं. मन विसरलं तरी बोट विसरत नाही.

खंडेनवमीला आपण घरातली हत्यारं पुसून मांडतो. कात्री, पाना, करवत, कुणाचा लॅपटॉप. झेंडूचं फूल ठेवतो. मी पिस्तूल ठेवते. पूर्वी मला त्याचा अर्थ कौतुक वाटायचा. आता वाटतं, त्या दिवशी आपण वस्तूला सांगत असतो की तू काय करू शकतेस हे आम्हाला माहीत आहे.

तीन श्वास. टेकडीवरून खाली या.

देणारे हात

आता देणाऱ्यांकडे वळू.

विश्वचषकाच्या स्पर्धांत रेंजच्या आवारात पिस्तूल कंपन्यांचे तंत्रज्ञ टेबल मांडून बसतात. कुणाची झडप गळते, कुणाचा चाप बिघडला, ते तिथल्या तिथे दुरुस्त करून देतात. छर्रे आणि काडतुसं बनवणारेही असतात. शिकंज्यात नळी घट्ट धरून एकेका खेपेचे छर्रे झाडून पाहतात आणि तुमच्या नळीला कोणते जुळतात ते ठरवतात, कारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही कागदावर दिसतो. ज्यांचं नाव मोठं झालं त्यांना कंपनी पिस्तूल देते, सुटे भाग देते, नवा नमुना बाजारात येण्याआधी हातात देऊन विचारते: वजन पुढे हवं की मागे? मुठीचा कोन किती? नेमबाज सांगतो आणि पुढचं पिस्तूल तसं घडतं. यात फक्त घेणं नाही. त्या खेळाडूच्या मनगटातली वर्षानुवर्षांची समज कारखान्यात जाते आणि तिथून अनोळखी हातांपर्यंत पोचते. इटलीच्या जाम्पिएरो पार्दिनींसारखा घडवणारा तर स्वतः नेमबाज होता.

आणि मोबदल्यात कंपनी नाव दाखवते. जॅकेटवर बिल्ला, माहितीपत्रकात फोटो. तो फोटो इकडे कोथरूडमध्येही येतो. एखादा मुलगा दहावीत आहे, दोन वर्षं रेंजवर जातो आहे, आणि त्याचे आईवडील मला विचारतात, पदकवाल्यांकडे कोणतं पिस्तूल असतं, तेच घेऊ या का? मी त्यांना नाकारत नाही. त्यामागचं प्रेम मला दिसतं, आणि त्यासाठी मोडलेली ठेवही दिसते. मी फक्त मुलाला म्हणते, डोळे मीट, हे धर, आता ते धर. कोणतं हातात असल्याचं कळत नाही ते सांग.

पण आपल्याकडे खेळाडूपर्यंत पोचलेली मदत फार क्वचित कंपनीकडून सुरू होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आठवा. वडील शिक्षक. मुलाच्या काडतुसांसाठी त्यांनी कर्ज काढलं. स्वप्निल सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, बालेवाडीच्या रेंजवर सराव करत राहिला, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत 451.4 गुणांसह त्यानं कांस्यपदक घेतलं. तो रायफल खेळतो, पण देणाऱ्या हातांची साखळी पिस्तूलवाल्यांचीही हीच. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभारणारे हात त्या साखळीत आहेत, आणि करातून त्याचे पैसे भरणारे आपणही.

त्याच्या आधी महाराष्ट्राकडे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होतं ते खाशाबा जाधवांचं, 1952 चं, हेलसिंकीचं. त्या प्रवासासाठी वर्गणी जमवावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. त्या काळी प्रायोजक हा शब्दही फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. कुणी खाशाबांच्या अंगरख्यावर आपलं नाव लिहून मागितलं नाही.

पिस्तुलाच्या दोन नावांपाशीही थांबा. खडकीत वाढलेली अनिसा सय्यद आणि कोल्हापूरची राही सरनोबत. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोघींनी मिळून 25 मीटर पिस्तुलाचं सांघिक सुवर्ण जिंकलं, आणि अनिसानं वैयक्तिक सुवर्णही. 2018 च्या ऑगस्टमध्ये पालेमबांगला राहीनं एशियाडचं सुवर्ण घेतलं. नेमबाजीत एशियाडचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. बरोबरी सुटायला जादा फैऱ्या लागल्या होत्या. त्या फैऱ्यांत हात खाली, दिवा लागला की वर, तीन सेकंदांत एक गोळी, पुन्हा खाली. तो हात वर जाताना त्याच्यामागे किती जण असतील याची कल्पना करा.

माझी एक छोटी आठवण सांगते. राज्य स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी माझ्या पिस्तुलाची हवा गळायला लागली. आतला रबरी सील गेला होता, भाग यायला कित्येक आठवडे लागणार होते. माझ्याच गटात खेळणाऱ्या एका मुलीनं रात्री आपलं दुसरं पिस्तूल आणून दिलं. सकाळी मी तिच्याच शेजारच्या लेनमध्ये उभी होते. मूठ तिच्या हाताच्या मापाची, अंगठ्याखाली टोचत होती. त्या दिवशी गुण बेताचे पडले. पण साठ वेळा हात उचलताना प्रत्येक वेळी मला तिच्या हाताचा आकार लागत होता. दिलेली वस्तू आपल्याला देणाऱ्याच्या आकाराची ओळख करून देते, हे मी तेव्हा शिकले.

आता तुमच्या हातात जे कौशल्य आहे, त्याच्या मागचे चेहरे येऊ द्या. फी भरणारे, जागा देणारे, वस्तू उसनी देणारे, चूक दाखवणारे. एकेक चेहरा. नमस्कार करायची गरज नाही. ओळखलं, एवढं पुरे.

मनगट

आता आपण मुक्कामाच्या जवळ आलो.

पिस्तूल नेमबाजीच्या नियमांत एक नियम आहे. पिस्तूल एकाच हातानं, हात लांब करून धरायचं. दुसऱ्या कशाचाही आधार नाही. मुठीला हवा तेवढा आकार द्या, कोरा, घासा, पण तिचा कोणताही भाग हातापलीकडे आधार देता कामा नये. मनगट मोकळं दिसलं पाहिजे. त्या हातावर घड्याळ नको, कडं नको, पट्टा नको. स्पर्धेआधी पंच तपासतात. पिस्तूल ठरावीक मापाच्या पेटीत मावतं का, वजन दीड किलोच्या आत आहे का. चापाला 500 ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात, ते पेललं पाहिजे. बोटानं किमान एवढा भार घ्यायचाच, त्याहून सोपं करून देण्याची कुणालाच मुभा नाही.

म्हणजे जगातल्या उत्तम कारागिरांनी, मोठ्या कंपन्यांनी, सरकारनं, आईवडिलांनी जे जे द्यायचं ते मनगटाच्या अलीकडे संपतं. मनगटापासून वर तुम्ही एकटे.

हा नियम मला कठोर वाटत नाही. तो दोघांनाही मोकळं करतो. देणाऱ्यानं मनगट ओलांडून आत येऊ नये, माझ्या पिस्तुलानं जिंकलास असं म्हणू नये. आणि घेणाऱ्यानंही पिस्तुलावर टाकू नये. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरच्या पिस्तुलातला एक भाग ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत पाव तासाहून जास्त वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. वस्तूनं दगा दिला हे खरंच होतं. तीन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकसाठी तीच मुलगी फ्रान्समध्ये शातोरूच्या रेंजवर उभी राहिली आणि दोन कांस्यपदकं घेऊन परतली. मधल्या तीन वर्षांत बदललेलं पिस्तूल कुणालाही विकत मिळालं असतं. पुन्हा उचललेला हात मिळाला नसता.

हंगेरीचे कारोली टाकाच सैन्यात होते. 1938 मध्ये हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. नेम धरायचा तोच हात. त्यांनी डाव्या हातानं पहिल्यापासून सुरुवात केली. 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, आणि 1952 ला हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण, जिथे आपले खाशाबाही होते. ज्याच्या मुठीसाठी पिस्तूल घडवायचं तो हातच गेला, आणि तरी मनगटाच्या वरचं काहीतरी शिल्लक राहिलं.

ते काय, याचं नाव मी देत नाही. तुमच्या खांद्यापासून मनगटापर्यंत लक्ष न्या आणि तिथे ते आहे का बघा.

नेम

आता हात उचलू या, मनातल्या मनात. खांद्यातून, सावकाश.

समोर 10 मीटरवर काळा गोल आहे. डोळ्याचा एक धर्म आहे: एका वेळी एकाच अंतरावरचं त्याला स्वच्छ दिसतं. लक्ष्य स्वच्छ बघाल तर हातातलं पिस्तूल अंधूक होईल. म्हणून नेमबाज नजर पिस्तुलाच्या पुढच्या माशीवर ठेवतो आणि लक्ष्य धूसर होऊ देतो. पदक, फोटो, बिल्ला, कर्ज, गहाण घर, टेकडीपलीकडचे कारखाने, सगळं आता त्या धुक्यात आहे. नाहीसं झालेलं नाही. आहे, पण त्याला आपल्या जागी राहू द्या. नजर माशीवर.

बोटाचा दाब वाढवा, हळू, सरळ मागे. अर्धा किलो.

आणि आता थांबा. श्वास लांबला आहे, हात किंचित डोलतो आहे. असं झालं की नेमबाज बार सोडत नाही. बोट सैल करतो, हात खाली आणतो, पुन्हा श्वास घेतो. साठ बारांसाठी पंचाहत्तर मिनिटं असतात, खाली आणण्यासाठी त्यात पुष्कळ जागा आहे. नव्या मुलांना हे सर्वांत उशिरा जमतं. एवढ्या जणांनी एवढं दिलं, मग उचललेला हात रिकामा खाली कसा आणायचा, असं त्यांना वाटतं. मी त्यांना सांगते, त्यांनी दिलं ते याचसाठी. उचलायचं बळ त्यांनी पुरवलं. खाली आणायचा अधिकार तुझा आहे, आणि तोही मनगटाच्या वरचाच.

हात खाली आणा.

पिस्तूल रिकामं आहे का पाहा. फ्लॅग लावा. पेटीत ठेवा, नळी आपल्यापासून दूर. नळाखाली हात धुवा, दोन्ही बाजूंनी, बोटांच्या मधूनही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय कुणी खात नाही. ड्राय फायरनंतर गरज नसते, तरी मी धुते.

भिंत आता उजळली आहे. वनाझकडून मेट्रो निघाल्याचा आवाज आला. खाली कुणीतरी गाडी चालू करतंय, शेजारी कुकरची पहिली शिट्टी झाली.

टेबलावरची बांगडी उचला आणि पुन्हा हातात चढवा.